खडसाचं माहेर

माझे यजमान रंगराव सरनोबत एरवी नाकासमोर चालणारा माणूस. एसटीच्या वर्कशॉपातून फोरमन म्हणून निवृत्त झाले, पण तिथल्या साबणाची वडीसुद्धा कधी घरी आणली नाही. मात्र ‘मासा कुठं लागला?’ एवढं विचारा, हा माणूस चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू न देता खोटं बोलतो. त्यात त्यांना काही वाटतही नाही, कारण गळ टाकणाऱ्यांच्या जमातीत ते पापच नाही. आपली जागा कुणाला खरी सांगायची नसते. सख्ख्या भावाला सांगायची नसते आणि बायकोला तर नाहीच नाही. मी जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, ‘रीत दाखवा’ म्हणून वह्यांवर लाल शेरे मारले, आणि पदरात पडला असा नवरा, की ज्याचं उत्तर नेहमी भलतंच आणि रीत कधीच नाही.

अशा वीस-बावीस खोटारड्यांचं मिळून आमच्या गावात भोगेरी गळमंडळ आहे. भोगेरी ही आमची नदी. सह्याद्रीच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, उगम पावते आणि उसाच्या पट्ट्यातून वाहत येते. पूर्वी ही मंडळी रविवारी नुसते गळ टाकून बसायची. मग नदी बिघडत गेली. वाळू उपसली गेली, जागोजागी बंधारे झाले, तळाशी गाळ बसला आणि कुणीतरी आणून सोडलेल्या परदेशी चिलापी माशानं सगळे डोह भरून टाकले. आमचा खडस दिसेनासा झाला. खडस म्हणजे या नदीचा मूळ मानकरी. सोनेरी अंग, तळहाताएवढे खवले, आणि गळाला लागला तर धरणाऱ्याचा खांदा निखळेल इतकी ओढ.

तेव्हा मंडळाला जाग आली. ज्यांनी आयुष्यभर मासे धरले, त्यांनीच ते परत आणायचं मनावर घेतलं. खडस लागला तर सोडून द्यायचा, चिलापी लागली तर मात्र सोडायची नाही. काठावर वाळुंज आणि करंज लावायचे. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की डोहांच्या वरच्या अंगाला पाट्या पाट्या गोटे आणून पसरायचे, कारण खडस अंडी घालतो ती थंड वाहत्या पाण्यात, स्वच्छ गोट्यांच्या फटींत. गाळात अंडी गुदमरून मरतात.

गोटे कुठे पसरायचे ते अर्थातच अनुभवावरून ठरलं. ज्याला जिथं खडस लागला, म्हणजे लागला असं ज्यानं सांगितलं, तिथं. साठीतली, सत्तरीतली माणसं कित्येक उन्हाळे घाम गाळत राहिली आणि एकाही जागी खडसाचं पिल्लू दिसलं नाही. मोठे खडस मात्र नदीत अधूनमधून दिसायचे. म्हणजे ते कुठंतरी जन्माला येत होते. कुठं, हा प्रश्न मंडळाला छळत होता आणि खरं सांगायचं तर मलाही. आपल्यातल्या कुणी खरी जागा सांगितली असती तर, हा विचार मात्र एकाच्याही डोक्यात आला नाही.

मग प्रणोती वाघमोडे आली. ही माझी विद्यार्थिनी. शाळेत असताना उत्तर चुकलं तर रडायची नाही, कुठे चुकलं ते सापडेपर्यंत उठायची नाही. आता मत्स्यशास्त्रात डॉक्टर झाली होती. शिवणयंत्राच्या पेटीएवढं एक यंत्र घेऊन ती इलाहीभाईंच्या दुकानात उतरली. इलाही मुजावर हे यांचे लंगोटीयार, पुस्तकबांधणीचा त्यांचा धंदा. हल्ली बांधायला पुस्तकं फारशी येत नाहीत, पण दुकानातलं लांबलचक टेबल आहे, म्हणून मंडळाची बैठक तिथंच भरते. मी भडंगाचा डबा घेऊन गेले होते.

प्रणोतीनं समजावून सांगितलं ते मला फार आवडलं. माशाचा खवला झाडाच्या खोडासारखा वाढतो, वर्तुळावर वर्तुळ. मधला ठिपका म्हणजे तो पिल्लू असतानाचा, कडेची वर्तुळं अलीकडची. मासा ज्या पाण्यात राहतो त्यातले क्षार खवल्यात जाऊन बसतात. त्यात कॅल्शियमबरोबर थोडं स्ट्रॉन्शियम असतं, आणि त्याचे अणू सगळे सारखे नसतात, काही जरा जड, काही हलके. काळ्या कातळावरून आलेल्या ओढ्यात जड-हलक्याचं प्रमाण एक, तांबड्या जांभ्यातून पाझरलेल्या पाण्यात दुसरं. प्रत्येक ओढ्याचं प्रमाण आपापलं, आणि वर्षानुवर्षं ते फारसं बदलत नाही. हे यंत्र लेसरनं खवल्यावर मध्यापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ ओढतं, तिथून निघालेली वाफ तपासतं आणि मासा आयुष्यात केव्हा कुठल्या पाण्यात होता ते सांगतं. पूर्वी एवढ्या कामाला एक अख्खी प्रयोगशाळा लागायची.

“म्हंजे माशाची कुंडलीच की!” मंडळातले तात्या माने म्हणाले. तेव्हापासून त्या यंत्राचं नाव कुंडली पडलं.

आता मंडळाची एक रीत आहे. खडस सोडून देताना त्याचा एक खवला आठवण म्हणून ठेवायचा. कुणाच्या पाकिटात असतो, कुणाच्या देव्हाऱ्यात. आमच्याकडे तो काचेच्या चौकटीत, बैठकीच्या खोलीत, लग्नाच्या फोटोच्या जागी आहे, आणि आमचा लग्नाचा फोटो कपाटात आहे. प्रणोतीनं प्रत्येकाला खवला आणायला सांगितला होता आणि लिफाफ्यावर नाव आणि मासा लागला ती जागा लिहायला सांगितली होती. कडेचं वर्तुळ पाहून मासा शेवटी कुठल्या पाण्यात होता तेही यंत्राला कळतं, हे तिनं सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं. तरीही या लोकांनी लिफाफ्यावर तीच वर्षानुवर्षांची ठरलेली जागा लिहिली. माणूस सही करतो तशी, हात थांबलाच नाही.

पहिला खवला तात्यांचा. लिफाफ्यावर ‘घाटाखालचा डोह’. यंत्रानं थोडी घरघर केली. प्रणोतीनं पडद्याकडे पाहिलं आणि जरा चाचरली.

“तात्या, हा मासा जन्मापासून एकाच पाण्यात होता. तळ्याच्या. आणि तेही सिमेंटच्या.”

“आसंल की. मग पोहत आला आसंल नदीला.”

“खवला निघाला तेव्हाही तो तळ्यातच होता, तात्या.”

म्हणजे मत्स्यबीज केंद्रातून खवला मागून आणला होता! हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्या भडंगातले शेंगदाणे वेचत बसले. पण हसणारे सुपातले, हे पुढच्या खवल्यानं दाखवून दिलं. इलाहीभाईंच्या लिफाफ्यावर होतं ‘मगरडोह’ आणि यंत्र म्हणत होतं धरणाच्या भिंतीलगतचं पाणी.

“इलाही, तिथं मासे धरायला बंदी हाय,” आमचे हे म्हणाले.

“तवा पाटी पडली हुती,” इलाहीभाई पंख्याकडे बघत म्हणाले.

एकेक खवला असा बोलत गेला. पण प्रणोतीचं या थट्टेकडे लक्ष नव्हतं. तात्यांचा सोडला तर सगळ्या खवल्यांचा मधला ठिपका एकच पाणी सांगत होता, आणि भोगेरीच्या खोऱ्यातल्या ज्या ज्या ओढ्याचं पाणी तिनं तपासलं होतं, त्यातल्या कुठल्याच ओढ्याशी ते जुळत नव्हतं. पडद्यावर दर वेळी तेच यायचं, ‘अनोळखी पाणी’. नदीतले सगळे खडस एकाच ठिकाणी जन्मलेले, आणि ते ठिकाण जगात कुणालाच माहीत नाही! 

शेवटी आमचा खवला. लिफाफ्यावर ‘शिंपीकोंड’. मध्ये अनोळखी पाणी, मग कितीतरी वर्षं भोगेरीचं पाणी, आणि अगदी कडेच्या बारीकशा पट्टीत पुन्हा अनोळखी पाणी.

प्रणोती हळूच म्हणाली, “काका, हा मासा तुमच्या हातात आला तेव्हा जिथं जन्मला तिथंच परत गेला होता. अंडी घालायला. म्हणजे ती जागा तुम्हाला माहीत आहे.”

“यंत्र चुकतंय,” हे म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

इलाहीभाईंनी बशी खाली ठेवली. “रंग्या, शिंपीकोंडात आपण किती पाट्या टाकल्या रं? तू म्हनलास म्हनून टाकल्या. माझी कंबर तिथंच गेली.”  इलाहीभाई उठून आतल्या खोलीत गेले ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आलेच नाहीत. धरणाची भिंत लपवणं वेगळं आणि ही जागा लपवणं वेगळं, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं.

घरी आल्यावर मी यांना सरळ विचारलं. “अहो, सांगून टाका की. म्हातारपणी जागा काय वर घेऊन जाणार आहात?”

“सांगिटली तर काय हुईल ठाव हाय का तुला? पोरीच्या यंत्रात पाणी नोंदलं की त्याच घडीला नकाशावर जातं. सगळ्या दुनियेला दिसतं. मागं मरळीचा डोह दिसला नकाशावर. आठवड्यात जिलेटिन लावून उडवला लोकांनी. पिल्लंसुद्धा पोटावर तरंगत हुती.”

ते खरं होतं. मी ते फोटो पाहिले होते. सरकारी पैशातून चाललेलं संशोधन सगळ्यांना खुलं हवं, हा नियम चांगल्या हेतूनं केलेला होता, पण जाळी आणि जिलेटिन घेऊन बसलेल्यांनाही नकाशा वाचता येतो.

“बरं, मग नका सांगू,” मी म्हणाले. “राहू द्या लपलेली.”

  हे खवल्याची चौकट परत भिंतीला टांगत म्हणाले, “न सांगून बी भागत न्हाई. येत्या रविवारी बुजवणार हायेत ती.”

“कोण?”

“आमीच.”

मग उलगडा झाला. वर सड्यावर बॉक्साइटची एक जुनी खाण आहे, केव्हाच बंद पडलेली. खाणवाल्या कंपनीला आता कायद्यानं तो खड्डा बुजवून झाडं लावणं भाग होतं. मातीचे ट्रक कंपनीचे आणि श्रमदान गळमंडळाचं, असं ठरलं होतं. डोंगराची जखम भरून काढायची म्हणून सगळे उत्साहात होते. यांनी मात्र ते काम तीनदा पुढं ढकललं होतं. एकदा गुडघा दुखतो म्हणून, एकदा निवडणूक आहे म्हणून आणि एकदा पितृपंधरवड्यात झाड लावू नये म्हणून. मला तेव्हा वाटलं होतं, हे आळसावले.

“उद्या चल माझ्यासंगं,” हे म्हणाले. “दाखवतो.” इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला पहिल्यांदाच बरोबर यायला सांगितलं होतं.

विजेवरची एसटी हल्ली घाट आवाज न करता चढते. खाणीच्या फाट्यावर आम्ही उतरलो. मार्च नुकता लागला होता, पण ऊन मेच्या वरताण. नोकरीत असताना ब्रेकडाऊनची गाडी घेऊन हे याच वळणावर आले होते, इंजिन तापलेल्या गाडीसाठी पाणी शोधत खाली उतरले आणि ती जागा सापडली, असं चालता चालता म्हणाले. जुन्या खाणीचा तांबडा मुरूम डोंगराच्या कुशीत ओतलेला होता. त्याच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळ्या बाजूला सारून ते उभे राहिले. “बस हितं. सावली पाडू नकोस पाण्यावर.”

मुरमाच्या ढिगाखालून पाणी येत होतं. मोठं काही नाही, गुडघाभर खोल आणि पाच-सहा हात रुंद. पण उन्हाळ्याच्या तोंडाला, आजूबाजूचे सगळे ओढे कोरडेठाक असताना, ते वाहत होतं. मी हात घातला तर बोटं गारठली. तळाशी सुपारीएवढे, लिंबाएवढे तांबडे गोटे, धुऊन ठेवल्यासारखे स्वच्छ. आणि त्या गोट्यांवर प्रवाहाकडे तोंड करून, जागच्या जागी पोहत, बोटाएवढी सोनेरी पिल्लं. एक दिसलं, मग नजर बसली तशी दहा दिसली, मग मोजणं सोडून दिलं.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. खाणीच्या खड्ड्यात पावसाळाभर पाणी साठत होतं. जांभा म्हणजे सच्छिद्र दगड, त्यातून ते वर्षभर थेंबाथेंबानं गाळून खाली येत होतं, म्हणून थंड, म्हणून नितळ. गोटे होते ते खाणीतून फेकलेल्या दगडांचे. जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशात हा ओढा असणार कसा? खाण खणण्याआधी तो नव्हताच. माणसांनी डोंगर पोखरून टाकला आणि निघून गेली, आणि पुरात वर चढणाऱ्या एखाद्या खडसाला त्या पडझडीतच आपल्याला हवं ते मिळालं. आम्ही पाट्या वाहून जे करू पाहत होतो ते इथं कुणी न करता झालं होतं. खड्डा बुजला की हा झराही आटणार, आणि येत्या रविवारी आम्हीच तो पुण्यकर्म म्हणून बुजवणार होतो.

“इथंच धरलात ना तो मोठा खडस?” मी विचारलं.

हे पाण्याकडे बघत राहिले. “धरला न्हाई,” म्हणाले. “पावसाळा सरताना पाणी उतरलं आन् मादी हितं अडकून पडली हुती, अर्धी उघड्यावर. ओल्या पोत्यात गुंडाळून नदीपतूर पळत नेली आन् सोडली. पोत्याला खवला चिकटला हुता.” मग म्हणाले, “गळाला खडस मला उभ्या जन्मात लागला न्हाई गं.”

मी हसले. आधी तोंड दाबून आणि मग खदखदून. चौकटीतला तो खवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलेली ती झटापटीची गोष्ट, हातवारे, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी हसता हसता मधेच थांबले. भर उन्हात पाठीवर ओलं पोतं घेऊन पळणारा हा माणूस मला कधी दिसलाच नव्हता, आणि दिसायला हवा होता तोच नेमका त्यांनी लपवून ठेवला होता. सांगायची गोष्ट ती होती, अहो. मी फक्त त्यांच्या हाताला हात लावला. मग सोबतच्या बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं आणि ती ओढ्यात बुडवून भरून घेतली.

प्रणोतीला मी घरी बोलावलं. यंत्र घेऊन आली. आम्ही तिला सगळं सांगितलं, पोत्याची गोष्ट तेवढी वगळून. तिचा चेहरा असा उजळला, की मला तिची शाळेतली वेणी आठवली. मग तिनं नियम सांगितला. कुठलाही खड्डा, ओढा, तळं बुजवण्याआधी तिथलं पाणी यंत्रात वाचावं लागतं. ते नोंदलेल्या जन्मपाण्याशी जुळलं तर काम थांबतं, मग मधे कुणीही असो; ही तपासणी मात्र नकाशावर जात नाही.

“मग नोंदव,” मी म्हणाले.

“नोंदवलं की नकाशावर जागा उमटते, बाई.”

“मग नको,” हे म्हणाले. “नकाशावर हाय ते कुणीबी लुटतं.”

“आणि नकाशावर नाही ते कुणीही बुजवतं, काका. यंदा तुम्ही आहात, कसंतरी थांबवाल. तुमच्यानंतर कोण सांगणार, की इथं काही होतं?”

दोघांचंही बरोबर होतं. माझ्या स्वयंपाकघरात दोन बरोबर माणसं समोरासमोर बसली होती आणि मधे ती बाटली. मी कणीक मळत होते. गणितात असं झालं, की मी मुलींना सांगायचे, उत्तर निघत नसेल तर प्रश्नात काय दिलंय ते पुन्हा वाचा.

“प्रणोती, नकाशावर जागा येते ती कशाची? पाण्याची की यंत्राची?”

“यंत्राची. उपग्रहावरून कळते ना, वाचताना यंत्र जिथं असेल ती. म्हणून पाणी काठावरच वाचायचं, अशी सूचना…” ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. “बाई, मी असं करू शकत नाही.”

“तुला कोण म्हणतंय? नमुना कोण नोंदवू शकतं?”

“कुणीही स्वयंसेवक,” ती पुटपुटली.

कुकरच्या दोन शिट्या झाल्या. मग तिनं ओढणी सारखी केली आणि उठली. “मी जरा इलाहीकाकांकडे जाऊन येते. यंत्र जड आहे, राहू दे इथंच.” हेही चप्पल घालून तिच्याबरोबर निघाले. इलाहीला रविवारी लवकर निघायला सांगतो, म्हणाले.

मी हात धुतले. बाटलीतलं थोडं पाणी यंत्राच्या वाटीत ओतलं. घरघर झाली, रेघा हलल्या आणि पडद्यावर आलं, ‘खवल्यांमधील अनोळखी पाण्याशी पूर्ण जुळते. जन्मपाणी म्हणून नोंदवायचे?’ मी हो केलं. मग पुढचा प्रश्न आला, ‘नमुना याच जागी घेतला आहे का?’

माझं बोट वरच्या वर राहिलं. मी कधी कुणाचा अर्धा गुणसुद्धा फुकट वाढवला नव्हता. संस्थेच्या अध्यक्षांची नात नापास झाली, तिलासुद्धा नाही. प्रणोतीला नेमकं हेच शिकवलं होतं आणि आता तिच्याच यंत्रात खोटं घालायचं. एका बाजूला फोडणीचा डबा, दुसऱ्या बाजूला कणकेचा गोळा, आणि ‘याच जागी?’ म्हणून विचारणारा तो शहाणा पडदा. मला भीती वाटली, लाजही वाटली. मग ती पिल्लं आठवली, प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी पोहणारी. मी ‘हो’ दाबलं.

नकाशावर एक हिरवा ठिपका उमटला, आमच्या इमारतीवर, दुसऱ्या मजल्यावर.

पुढचे दोन दिवस मौजेचे गेले. मोटारसायकलवरून दोन पोरं जाळं घेऊन आली आणि जिन्यात उभी राहून वर-खाली बघायला लागली. “काकू, हितं खडस जन्मतात म्हणं?” मी म्हणाले, “जन्मतात की, पण पाणी एक दिवसाआड येतं.” ती बिचारी आभार मानून गेली.

रविवारी खाणीवर मातीचे ट्रक रांगेनं उभे होते आणि मंडळ खोऱ्या-पाट्यांसह हजर. कंपनीच्या माणसानं नियमाप्रमाणे खड्ड्यातलं पाणी यंत्रात घातलं आणि लाल अक्षरं पाहून तो गोंधळला. “काम थांबवा म्हणतंय. नोंदलेलं जन्मपाणी. पण ठिकाण तर गावातलं दाखवतंय.”

“पाणी जुळलं की काम थांबतं,” प्रणोती म्हणाली. “नियमात ठिकाण जुळायला हवं असं नाही.” तिचा आवाज स्थिर होता, पण कान लाल झाले होते. ठिकाणाबद्दल कधीतरी तिला विचारणा होईल, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तेव्हा मी पुढे होणार आहे. त्या दिवशी मात्र माती परत गेली आणि झाडं खड्ड्याच्या कडेनं लावली. पाण्याला सावली झाली तर ते आणखी गार राहील, असं तिनं सगळ्यांना शास्त्रशुद्ध समजावलं.

रोपांसाठी खड्डे खणणं चाललं असताना हे इलाहीभाईंजवळ गेले. काही न बोलता त्यांच्या हातातली पाटी काढून घेतली आणि त्यांना दंडाला धरून करवंदीच्या जाळीकडे उतरून गेले. दोघं बराच वेळ दिसले नाहीत. परत आले तेव्हा दोघांच्याही विजारी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या होत्या आणि इलाहीभाईंचे डोळेही कोरडे नव्हते. ते सरळ माझ्याकडे आले. हे त्यांच्या मागे, मान खाली घालून.

“वहिनी, बघितलं म्या. आता मरायला मोकळा झालो,” इलाहीभाई म्हणाले. मग आवाज खाली केला. “पर एक सांगा. तिथं गुडघाभर पानी. वर जाळ्या. गळ फिरवायला जागाच न्हाई. ह्यानं खडस धरला कसा तिथं? म्या त्याला इचारलं तर गप बसलाय. तुमी लबाड बोलत न्हाई, सगळ्या गावाला ठाव हाय. धरला हुता का ह्यानं?”

यांनी मान वर केली नाही. उन्हानं रापलेला यांचा मानेमागचा भाग तेवढा मला दिसत होता.

“धरला होता, भाऊ,” मी म्हणाले. “त्या दिवशी घरी आले तर दोन्ही हात सोललेले होते. हळद मीच लावली.”

इलाहीभाईंनी माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि यांच्या पाठीत एक गुद्दा घातला. “हात सोलले हुते म्हणं! आन् मला कवा दावला न्हाईस, मर्दा,” ते म्हणाले आणि दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रोपांकडे गेले.